काळी माती शिसं धरून ठेवते, मग फ्लोराईड का सोडते?

माझ्या मामाचं गाव पांढरकवड्याच्या पुढे आहे. गावात दोन हातपंप. एकाचं पाणी बादलीत घेतलं की आधी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तासाभराने बघावं तर त्यावर पिवळट तांबूस थर आलेला असतो. या पाण्यात पांढरा बनियन चार वेळा धुतला की बिस्किटाच्या रंगाचा होतो. दुसऱ्या हातपंपाचं पाणी मात्र सकाळी भरा, संध्याकाळी बघा, तसंच नितळ. मामी तर सांगते, "याच पान्यात वरन लवकर शिजते, तुले काय सांगू."

यातलं कोणतं पाणी प्याल, असं विचारलं तर दहातले दहा जण दुसऱ्या हातपंपाकडे बोट दाखवतील. पण लाल रंग फासलेला आहे तो त्याच हातपंपाला. लाल रंग म्हणजे हे पाणी पिऊ नका. कारण फ्लोराईड.

आता हा विषय फ्लोराईडपुरता नाही. आपल्या पायाखालची माती, मुरूम आणि खडक पाण्यातल्या कोणत्या गोष्टी धरून ठेवतात आणि कोणत्या सोडून देतात, याचे काही नियम आहेत. "आपली काळी माती पाणी गाळून देते" असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी केळापूर आणि झरी जामणी भागात लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात.

विरघळलेला धातू म्हणजे नेमकं काय?

शिसं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राखाडी, जड तुकडा येतो. पाण्यात विरघळलेलं शिसं तसं नसतं. त्याचे सुटे सुटे अणू असतात, त्यांच्यावर धन विद्युतभार असतो आणि भोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. याला आयन म्हणतात. तांबं, जस्त, कॅडमियम, निकेल, सगळ्यांची हीच गत. रंग नाही, वास नाही, आणि इतक्या कमी प्रमाणात चवही नाही. धोतराचं फडकं चार पदरी केलं तरी हे आयन त्यातून आरामात जातात, कारण फडक्याची छिद्रं त्यांच्या मानाने समृद्धी महामार्गाएवढी मोठी.

प्रमाण किती असतं? भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत जेमतेम १० मिलिग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा याहून कितीतरी जास्त भरतं. कॅडमियमची मर्यादा तर ०.००३ मिलिग्रॅम.

इतकी बारीक गोष्ट पाण्यातून काढायची तर चाळणी उपयोगाची नाही. तिला चिकटायला जागा द्यावी लागते. ही जागा निसर्गात खनिजांच्या पृष्ठभागावर मिळते.

एक ग्रॅम माती, पाच कबड्डीची मैदानं

यवतमाळ म्हणजे कापूस आणि कापूस म्हणजे काळी माती. ही माती बेसाल्ट खडक झिजून झाली आहे आणि तिच्यातलं मुख्य चिकणखनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. पावसाळ्यात बैलाचा पाय रुतवणारी आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी करामत याच खनिजाची. ते अतिशय पातळ पापुद्र्यांचं बनलेलं असतं. पाणी आलं की पापुद्रे फाकतात, पाणी गेलं की मिटतात.

हे सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर एका ग्रॅममागे ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग निघतो. कबड्डीचं एक मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० चौरस मीटर. तर एका ग्रॅम शुद्ध माँटमोरिलोनाइटमध्ये पाचहून जास्त मैदानं घडी घालून ठेवलेली आहेत. याउलट केओलिनाइट नावाचं दुसरं एक चिकणखनिज घ्या. चिनी मातीची भांडी ज्यापासून होतात ते. त्याचा पृष्ठभाग ग्रॅममागे साधारण १० ते २० चौरस मीटर. सगळी चिकणमाती सारखी नसते ती अशी.

नुसता पृष्ठभाग मोठा असून भागत नाही. माँटमोरिलोनाइट तयार होताना त्याच्या पापुद्र्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम जाऊन बसतं. ॲल्युमिनियमवर तीन धन भार, मॅग्नेशियमवर दोन. दर बदलीत एक धन भार कमी पडतो आणि पापुद्र्यावर कायमचा ऋण भार राहतो. धातूंचे आयन धन भाराचे असल्याने ते या पापुद्र्याकडे ओढले जातात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम हे नेहमीचे गिऱ्हाईक तिथे आधीच बसलेले असतात. नवीन कुणी आलं तर कुणाला तरी उठावं लागतं.

ही अदलाबदल पहिल्यांदा नीट नोंदवली गेली इंग्लंडमध्ये. १८५० साली एच. एस. थॉम्प्सन आणि जे. थॉमस वे यांनी मातीच्या स्तंभातून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडल्यावर काय होतं ते प्रसिद्ध केलं. वरून अमोनियम घातलं, खालून कॅल्शियम बाहेर आलं. त्यांना चिंता होती ती शेतातलं खत वाहून जाण्याची. प्रदूषण हा शब्दही तेव्हा आजच्या अर्थाने कुणाच्या तोंडी नव्हता.

एसटीतले उभे आणि बसलेले

पृष्ठभागाला चिकटण्याच्या दोन तऱ्हा आहेत. फरक समजायला गर्दीची एसटी डोळ्यांसमोर आणा.

काही प्रवासी दांडा धरून उभे असतात. गाडी त्यांना घेऊन जातेय खरी, पण थांब्यावर चार दांडगे चढले की ते मागे ढकलले जातात. कॅल्शियम, सोडियम हे असे. आयनाभोवतीचं पाण्याचं कडं तसंच असतं, पृष्ठभाग आणि आयन यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो, आकर्षण फक्त भारांचं. पाण्यात दुसरे आयन वाढले की हे सुटतात.

काही प्रवासी मात्र खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे. एकदा बसले की शेवटच्या थांब्यापर्यंत उठत नाहीत. शिसं आणि तांबं या जातीचे. ते भोवतीचं पाण्याचं कडं काही प्रमाणात झटकतात आणि खनिजाच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी थेट रासायनिक बंध जोडतात. या जागा जास्त करून चिकणखनिजाच्या पापुद्र्यांच्या कडांवर आणि लोह, मँगनीज, ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर असतात.

हे आत कुणी जाऊन पाहिलं, असा प्रश्न पडला असेल तर रास्त आहे. बरीच वर्षं हे अनुमानच होतं. झुरिकचे वर्नर श्टुम आणि त्यांचे सहकारी यांनी पृष्ठभागावरच्या बंधांचं गणित मांडलं, पण पुरावा अप्रत्यक्ष होता. १९८७ साली स्टॅनफर्डच्या गटाने तीव्र क्ष-किरणांच्या साहाय्याने ओल्या खनिजावर बसलेला अणू थेट तपासला आणि एकाच खनिजावर सेलेनियमचं एक रूप घट्ट तर दुसरं सैल बसतं हे दाखवलं. असे क्ष-किरण देणारं यंत्र आपल्याकडे इंदूरला आहे, त्याचं नाव इंडस-२.

जागेचा मालक सामू

तुमच्या घरी मृदा आरोग्य पत्रिका असेल तर ती काढा. त्यात सामू असा रकाना असतो. सामू म्हणजे पीएच. यवतमाळच्या काळ्या जमिनीत तो बहुतेक वेळा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान येतो, म्हणजे जमीन विम्लधर्मी. धातू चिकटणार की सुटणार हे सगळ्यात जास्त या एका आकड्यावर ठरतं.

कारण असं की हायड्रोजनचा आयनही धन भाराचा आहे आणि त्यालाही त्याच जागा हव्या असतात. सामू एक अंकाने खाली आला की हायड्रोजन आयन दहापट वाढतात. पाणी आम्लधर्मी झालं की ते घोळक्याने येऊन सगळ्या जागा भरून टाकतात आणि धातू पाण्यात फेकले जातात. लोहाच्या ऑक्साइडवर शिसं आणि तांबं बऱ्यापैकी आम्लधर्मी पाण्यातही टिकून राहतात. जस्त आणि कॅडमियम यांना चिकटायला सामू सातच्या आसपास किंवा वर लागतो. म्हणून पाणी थोडं आंबलं तर आधी सुटतात ते कॅडमियम आणि जस्त, शिसं शेवटी.

याचा सर्वात चांगला पुरावा कृषी केंद्राच्या दुकानात मिळतो. कपाशीची किंवा सोयाबीनची पानं पिवळी पडली की दुकानदार म्हणतो, झिंक कमी आहे. शेतकरी झिंक सल्फेट टाकतो आणि बरेचदा म्हणावा तसा फरक दिसत नाही. मातीत जस्त नाही असं नसतं. सामू जास्त, चुनखडी भरपूर, चिकणमाती भरपूर, त्यामुळे टाकलेलं जस्त पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि मुळाला मिळत नाही. पत्रिकेतला जस्ताचा आकडाही मातीतल्या एकूण जस्ताचा नसतो, तो 'उपलब्ध' जस्ताचा असतो. म्हणून दुकानदार पुढच्या वेळी महागडं चिलेटेड झिंक देतो. त्यात ईडीटीए नावाचा रेणू जस्ताला चारही बाजूंनी मिठी मारून असतो, मातीला त्याला धरताच येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. जस्त असं मातीतून सुरक्षित नेता येत असेल, तर सांडपाण्यातलं एखादं रसायन शिशालाही तसंच नेऊ शकतं.

तर विहिरीच्या वर आठ-दहा फूट काळी माती असणं हे धातूंच्या बाबतीत खरंच चांगलं संरक्षण आहे. आपल्या आजीचं म्हणणं इथपर्यंत बरोबर.

वणीकडे काय होतं?

जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टवर असला तरी पूर्वेला वणीकडे गेलं की खडक बदलतो. वालुकाश्म येतो, कोळसा येतो, चुनखडक येतो. वणी तालुक्यात वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत आणि राजूरला चुनाभट्ट्या. कोळशाच्या थरांत बहुधा थोडंफार पायराइट असतं, लोह आणि गंधक यांचं पिवळं चमकदार खनिज. खाण उघडली, हवा आणि पाणी लागलं की त्यातून सल्फ्युरिक ॲसिड तयार होऊ लागतं आणि ॲसिडबरोबर धातू सुटतात. शेजारी चुनखडक असेल तर तो हे ॲसिड मारतो, सामू वर येतो आणि धातू पुन्हा गाळावर जाऊन बसतात. म्हणून खाणीचं पाणी आम्लधर्मीच असेल असं गृहीत धरू नये आणि सामू सात आला म्हणून निर्धास्तही होऊ नये.

यात एक मेख आहे. विरघळलेले धातू मोजताना प्रयोगशाळा पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढते. गाळावर बसलेला धातू गाळणीवरच राहतो. अहवालात आकडा कमी येतो, पण धातू नदीतच आहे, फक्त गाळावर स्वार होऊन चालला आहे. पूर आला की तो पुढच्या गावाच्या पात्रात किंवा शेतात.

राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा. साध्या गावतलावाचा गाळ म्हणजे आपल्याच शिवारातून वाहून गेलेली सुपीक माती, तो टाकायला काहीच हरकत नाही, उलट टाकावाच. मात्र खाण, भट्टी किंवा कारखान्याच्या नाल्याखालचा गाळ उचलायचा असेल तर एकदा धातूंसाठी तपासून घेतलेला बरा. जी चिकणमाती पाणी स्वच्छ करते, तीच तिने पकडलेला माल स्वतःजवळ साठवत असते.

पिवळ्या बादलीची भानगड

आता पहिल्या हातपंपाकडे येऊ. खोल जमिनीत हवा पोहोचत नाही. तिथे लोह विरघळलेल्या रूपात राहू शकतं, म्हणून पाणी उपसताना स्वच्छ दिसतं. बादलीत हवेतला ऑक्सिजन लागला की त्याच लोहाचे गंजासारखे बारीक कण बनतात. तो पिवळट तांबूस थर म्हणजे हे कण. तुळशी वृंदावनाला लावतो तो गेरू याच कुळातला.

ताज्या गंजाचे हे कण इतके बारीक असतात की एका ग्रॅममागे त्यांचाही पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. पाण्यात शिसं असेल, आर्सेनिक असेल, तर ते या कणांवर बसतं आणि कणांबरोबर तळाशी जातं. बादली रात्रभर ठेवून वरचं पाणी हलक्या हाताने ओतून घेण्याची जुनी पद्धत म्हणजे नकळत केलेलं जलशुद्धीकरणच. अर्थात त्याने जंतू मरत नाहीत. लोहासाठी मानक लिटरमागे १ मिलिग्रॅमचं आहे. त्यापेक्षा जास्त लोहाने चव बिघडते, कपडे खराब होतात, नळ तुंबतात.

याच तत्त्वावर मोठं काम झालं आहे. बांगलादेशी रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांच्या सोनो फिल्टरला २००७ साली अमेरिकेत दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. दोन बादल्या, वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि मध्ये लोखंडाचा खास थर. लोखंड गंजतं आणि गंज आर्सेनिक पकडतो. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने तयार केलेलं 'अमृत' हे तंत्रही लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर आर्सेनिक बसवतं.

पण गंजाची सत्ता ऑक्सिजन आहे तोवरच. बंगालच्या नद्यांनी हिमालयातून आणलेल्या गाळात लोहाच्या कणांवर आर्सेनिक बसलेलं होतं, निवांत. तो गाळ सडक्या पालापाचोळ्यासह गाडला गेला, ऑक्सिजन संपला आणि तिथल्या जिवाणूंनी श्वासासाठी लोहाचा कणच वापरायला सुरुवात केली. कण विरघळला, आर्सेनिक पाण्यात आलं. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या लाखो कूपनलिकांची शोकांतिका अशी घडली. तिथे कुणी कारखान्याचं पाणी सोडलं नव्हतं.

मग फ्लोराईड का सुटतं?

आता लाल हातपंप. फ्लोराईड हा धातू नाही आणि त्याचा भार ऋण आहे. माँटमोरिलोनाइटचा पापुद्रासुद्धा ऋण. चुंबकाची सारखी टोकं जशी एकमेकांना लोटतात तसं काळी माती फ्लोराईडला लोटते. पहिला मुद्दा तर इथेच संपला.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. जमिनीखाली फ्लोराईट, अपेटाइट, अभ्रक अशा खनिजांत फ्लोराईड असतं. पाण्यात भरपूर कॅल्शियम असेल तर फ्लोराईडला वर यायला फार वाव मिळत नाही, कारण दोघे मिळून परत फ्लोराईट होऊन बसतात. यात नियम वर्गाचा आहे. कॅल्शियम पाव झालं की फ्लोराईड दुप्पट राहू शकतं.

आणि कॅल्शियम कमी कोण करतं? चिकणमाती. पावसाचं पाणी मुरताना कॅल्शियम घेऊन खाली येतं, वाटेत सोडियमने भरलेली चिकणमाती भेटते, ती कॅल्शियम ठेवून घेते आणि सोडियम देऊन टाकते. तीच १८५० मधली अदलाबदल, फक्त इथे ती आपल्या मुळावर येते. उरलेलं थोडं कॅल्शियम चुनखडीचे खडे बनून मातीतच बसतं. पाणी जितकं खोल आणि जितकं जास्त काळ खडकात राहिलं, तितका हा व्यवहार पूर्ण होतो. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरला फ्लोराईड जास्त सापडण्याची शक्यता असते.

तिसरी गोष्ट सामूची. फ्लोराईडचा आयन आणि हायड्रॉक्सिलचा आयन आकाराने जवळजवळ सारखे. विम्लधर्मी पाण्यात हायड्रॉक्सिल भरपूर असतात, ते अभ्रकातल्या आणि चिकणमातीतल्या फ्लोराईडच्या जागी जाऊन बसतात आणि फ्लोराईड पाण्यात येतं. ज्या सामूला शिसं घट्ट बसतं, त्याच सामूला फ्लोराईड सुटतं.

आता मामीच्या वरणाकडे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून तशा पाण्यात डाळ शिजत नाही. कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात ती भराभर शिजते, सोड्याची चिमूट टाकल्यासारखी. आणि नेमकं असंच पाणी फ्लोराईड विरघळवून ठेवतं. डाळ लवकर शिजणाऱ्या प्रत्येक पाण्यात फ्लोराईड असतं असं अजिबात नाही. पण डाळ चांगली शिजते म्हणून पाणी चांगलं, हा निकष केळापूरसारख्या भागात दगा देऊ शकतो. असंच पाणी वर्षानुवर्षं ओलिताला वापरलं तर जमीन चोपण होते, तेही सोडियममुळेच.

पांढरकवडा परिसरातल्या भूजलातल्या फ्लोराईडवर २००७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये स्वतंत्र शोधनिबंध आला होता, म्हणजे हे कळून बरीच वर्षं झाली. मानक लिटरमागे १ मिलिग्रॅमचं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे दात बनण्याच्या वयात, म्हणजे साधारण पहिल्या आठ वर्षांत, मूल तेच पाणी पीत राहिलं तर दातांवर कायमचे डाग पडतात. पुढे अनेक वर्षं जास्त प्रमाण पोटात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात. डाग नंतर पाणी बदलून जात नाहीत.

पाणी उकळून उपयोग नाही. उलट पाणी आटून फ्लोराईडचं प्रमाण वाढतं. कँडलचा फिल्टर आणि यूव्ही यांनाही फ्लोराईड दाद देत नाही. आरओ काढतो, पण बरंच पाणी वाया घालवून.

उपाय पुन्हा पृष्ठभागाचाच

फ्लोराईडला पकडायचं तर धन भाराचा पृष्ठभाग हवा. ॲल्युमिनियम आणि लोहाच्या ऑक्साइडांचा पृष्ठभाग साधारण आठ-नऊ सामूपर्यंत धन असतो. नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७० च्या दशकात याच आधारावर नालगोंडा तंत्र तयार केलं. पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं. तुरटीतून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे भुरभुरीत पुंजके होतात, फ्लोराईड त्यांच्यावर बसतं आणि गाळासोबत खाली जातं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. व्हॉट्सॲपवर "तुरटी फिरवा, फ्लोराईड घालवा" असे मेसेज फिरतात. माठात दोन वेढे तुरटी फिरवल्याने गढूळपणा जातो. फ्लोराईडला लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम तुरटी लागते आणि सामू सांभाळावा लागतो, नाहीतर ॲल्युमिनियमच पाण्यात राहतं. हे घरच्या अंदाजाने करायचं काम नव्हे.

दुसरा मार्ग म्हणजे सक्रिय ॲल्युमिनाचे दाणे भरलेली टाकी. पाणी त्यातून जातं, फ्लोराईड दाण्यांवर बसतं. मात्र दाण्यांवरच्या जागा मोजक्याच असतात. त्या भरल्या की पाणी नितळच येत राहतं, चवही तीच, फक्त फ्लोराईड आरपार. दाणे कॉस्टिक सोड्याने धुवून पुन्हा तयार करावे लागतात, आणि मग त्या धुवणाचं काय करायचं हा प्रश्न उरतो, कारण पकडलेलं सगळं फ्लोराईड त्यात असतं. ते नालीत सोडलं तर पुन्हा जमिनीतच. माझ्या मते कोणत्याही गावात अशी टाकी बसवताना उद्घाटनाच्या फलकापेक्षा दोन गोष्टी आधी विचाराव्यात: दाणे कधी धुणार आणि धुवण कुठे टाकणार.

तपासायचं कसं?

जलजीवन मिशनखाली गावांत किट दिलेले आहेत आणि ते वापरायला गावातल्या महिलांना शिकवलेलं आहे. या किटवर फ्लोराईड, लोह, सामू, कठीणपणा यांचा अंदाज मिळतो. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांसाठी साधारणपणे प्रयोगशाळाच लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही उपविभागांत आहेत. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, असं दोनदा तपासलेलं चांगलं.

नमुना कशात नेता यालाही महत्त्व आहे. फ्लोराईडसाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली चालते, काचेची टाळतात, कारण फ्लोराईड काचेशी रासायनिक क्रिया करू शकतं. धातूंची गोष्ट उलट. बाटलीची आतली भिंत हाही एक पृष्ठभागच आहे. नमुना दोन-तीन दिवस तसाच राहिला तर त्यातलं थोडं शिसं भिंतीला जाऊन चिकटतं, आणि प्रयोगशाळा उरलेलं पाणी मोजून "ठीक आहे" म्हणू शकते. म्हणून धातूंच्या नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालून सामू दोनच्या खाली आणतात, म्हणजे भिंतीवरच्या सगळ्या जागा हायड्रोजनच अडवून बसतो.

मामीने या वेळी घरामागच्या विहिरीचं पाणी कोल्ड्रिंकच्या धुतलेल्या बाटलीत भरून माझ्याकडे दिलं. फ्लोराईडसाठी ती चालली. धातूंसाठी प्रयोगशाळेतून वेगळी बाटली मागून आणावी लागली, तळाशी ॲसिडचे थेंब असलेली, आणि ती मामीच्या हाती देताना पहिलं सांगावं लागलं की ही विसळायची नाही.